लेबर चार्जेस

"सर, पॅड तुम्ही आणून दिलेत तरी लेबर अठराशे लागेल."

शुक्रवारी दुपारी व्हॉट्सॲपवर हा मेसेज आला तेव्हा मी एका अडीच तासांच्या मीटिंगमध्ये म्यूट होऊन बसलो होतो. अठराशे? पुढची दोन चाकं काढायची, जुने ब्रेक पॅड काढायचे, नवे घालायचे, चाकं परत लावायची. सराईत माणसाचं तासाभराचं काम. माझा तासाचा पगार किती पडतो ते लगेच काढून पाहिलं (मीटिंगमध्ये दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच) आणि तो आकडा बघून थोडं वाईटच वाटलं.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. "चार बोल्ट खोलायचे आणि चार लावायचे, त्याचे अठराशे मागतोय. लुटायला बसलेत नुसते."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि म्हणाले, "मग तू खोल."

बस्स. आमच्या घरात आव्हानं अशीच दिली जातात.

आता थोडी पार्श्वभूमी. मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि पोटासाठी जावा लिहितो. पुण्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. कॅम्पसला आयटी कंपनी येते, सगळ्या ब्रँचना बसू देते, ॲप्टिट्यूड घेते आणि चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स घोकलेला मुलगा हिंजवडीच्या बसमध्ये जाऊन बसतो. माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त असेच गेले. बाबा मात्र औंधच्या आयटीआयचे फिटर. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखाला एक कायमची चीर आहे आणि ते बोट फिरवून सांगतात की हा पत्रा दोन मिलीचा नाही, दीडचा आहे. मला दोन मिलीचा पत्रा फक्त ड्रॉइंगवर ओळखता येतो.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा एक जॉब असायचा. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे कानशीने असे घासायचे की एकाची व्ही दुसऱ्याच्या खाचेत चपखल बसली पाहिजे. तीन आठवडे घासून माझ्या व्हीमधून पलीकडचं झाड दिसत होतं. शेवटी जॉब सॅकमध्ये लपवून घरी आणला. बाबांनी बाल्कनीत वाइस लावून पाऊण तासात तो बसवून दिला. सरांनी जॉब उजेडासमोर धरला, उलटा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. पंचवीसपैकी तेवीस.

तर "मग तू खोल" या तीन शब्दांत ते तेवीस मार्कही होते. मला तरी तसं ऐकू आलं.

गाडी म्हणजे २०१६ ची सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सात गिअरचा डीएसजी. चाकणच्या कारखान्यात बनलेली. हा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि पोलो भारतात २०२२ साली बंद झाली. बंद होणार अशी बातमी आली आणि जुन्या पोलोंच्या किमती उतरायच्या ऐवजी चढल्या; त्या चढत्या बाजारात मी माझी घेतली. अशा गाडीचा मालक फार दिवस गप्प बसू शकत नाही. आधी एअर फिल्टर, मग टायर, मग ब्रेक, मग रिमॅप, मग एक्झॉस्ट, मग बायकोशी भांडण, असा साधारण क्रम असतो. माझं लग्न व्हायचंय, म्हणून मी ब्रेकपर्यंतच पोचलो होतो.

ब्रेकला मात्र खरंच कारण होतं. पावसाळ्याआधी पाचगणीहून येताना पसरणीच्या घाटात मी जरा जास्तच जोरात उतरत होतो. ऐन वळणावर पॅडल नेहमीपेक्षा जास्त दाबावं लागलं आणि काहीतरी जळाल्याचा वास आला. वाईत पोचेपर्यंत मागे बसलेली आई तिसऱ्यांदा म्हणाली होती, "क्लच जळतोय का रे?" क्लच नव्हता. ब्रेक सतत दाबून धरले की पॅडमधलं रेझिन तापतं, त्यातून गॅस सुटतो आणि पॅड डिस्कला नीट धरत नाही. याला फेड म्हणतात. खरा उपाय फुकट आहे: डीएसजी मॅन्युअलला टाकून खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. हे मला माहीत होतं. पण फुकटच्या उपायाने कुणाला समाधान मिळालंय? मी जास्त तापमान सोसणारे पॅड मागवले. (अगदी रेसचे पॅड मात्र घेऊ नका. ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत आणि कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते कधी गरमच होत नाहीत.)

पॅड एक ना एक दिवस झिजणार आणि बदलणारच. मूळ मापाचे, चांगल्या दर्जाचे घातले तर त्यात कायद्याचा प्रश्न येत नाही. रिमॅपचं तसं नाही. ज्या दुकानातून अठराशेचा आकडा आला, त्याच दुकानाने आधी मला रिमॅपही सुचवला होता. "सर, १०५ ची सहज १३५ होते. लॅपटॉप लावायचा, अर्ध्या तासात काम." माझ्यासारख्या माणसाला लॅपटॉप लावून अर्ध्या तासात होणाऱ्या कामाचं आकर्षण वाटणारच. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळ हायकोर्टाचा निकाल रद्द करताना हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला, बरं का. लॅपटॉप त्याचा असला तरी आरसीवर नाव माझं. शिवाय विमा कंपनीला न सांगता इंजिन बदललेलं असेल तर अपघातानंतर ती काय म्हणेल, हे कळायला वकील लागत नाही. आमच्या गच्चीवरून एआरएआयची टेकडी दिसते. गाड्या रस्त्यावर आणण्याआधी तपासायचं काम करणारी ही संस्था १९६६ पासूनची. तिथे तपासून मंजूर झालेल्या गोष्टी आम्ही खाली पार्किंगमध्ये बसून नामंजूर करत असतो.

तर रिमॅप बाद. ब्रेक माझे मी करणार.

दुकानांवर माझा राग उगीच नव्हता, तेही सांगतो. वर्षभरापूर्वी एका ठिकाणी (नाव घेत नाही) चारही टायर बदलून घेतले. पोऱ्याने एअर गनने सगळे बोल्ट टर्रर्र करून बसवले. मालक हळूच म्हणाला, "बिल पाहिजे का? नाहीतर अठरा टक्के वाचतील." मी वाचवले. चार महिन्यांनी तळेगावच्या अलीकडे रात्री पावणेबाराला पंक्चर झालं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. बोल्ट हलेना. मी पान्यावर उभा राहिलो, तरी हलेना. उड्या मारल्या, तेव्हा चार सुटले आणि पाचव्याचे आटे गेले. या बोल्टना १२० न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतो. त्या गनने किती लावला होता, देव जाणे. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर त्याच मालकाने शांतपणे विचारलं, "सर, बिल आहे का?"

त्या दिवशी मी ठरवून टाकलं होतं की पैसे देऊन असलं काम करून घ्यायचं तर आपण स्वतः काय वाईट?

शनिवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये उतरलो. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, जॅक, आणि जॅकच्या जोडीला दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीच्या खाली हात घालायचा नाही, एवढं बाबांनी लहानपणीच सांगून ठेवलंय. चाक काढलं. आतमध्ये काळ्या धुळीत बसलेला कॅलिपर दिसला आणि मला फार आनंद झाला, कारण तो अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखा होता. दोन गाइड पिनांवर सरकणारा, एका बाजूला पिस्टन. पिना खोलायला सात नंबरची ॲलन की लागते. माझ्या नव्या कोऱ्या सेटमध्ये सहा होती, आठ होती. सात नव्हती.

इथून पुढे माझ्या दिवसाचा हिशोब बिघडला. कोथरूडमधल्या तीन हार्डवेअरच्या दुकानांत सात नंबर नाही. नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा पार्ट कुठे मिळत नसेल तर तो नाना पेठेत मिळतो, फक्त तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. की मिळाली. जोडीला टॉर्क रेंच घेतला, सी-क्लॅम्प घेतला, ब्रेक क्लीनरचा डबा, ग्रीसची पुडी, हातमोजे. एकूण पाच हजार दोनशे. अठराशे वाचवण्यासाठी. परत आलो तोवर एक वाजला होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या उघड्या चाकाशेजारी उभे होते. "इथे गॅरेज काढताय का?" मी म्हटलं, "नाही काका, दहा मिनिटांचं काम आहे." त्यांनी घड्याळ बघितलं.

बाबा त्या दिवशी एका लग्नाला सातारला गेले होते. मुद्दाम तोच शनिवार निवडला होता मी.

पुढचं काम मात्र खरंच छान झालं. पिना काढल्या, कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला (ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडायचा नाही), सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे रेटला, वर टाकीतलं ब्रेक ऑइल उतू जात नाही ना ते बघत राहिलो. सरकायच्या जागा घासून पुसून ग्रीस लावलं. नवे पॅड 'टक' करून बसले. तो आवाज, काय सांगू! आठ वर्षांत माझ्या हातून एकही वस्तू 'टक' करून बसली नव्हती. आमच्याकडे सगळं 'सक्सेसफुली डिप्लॉइड' असतं आणि ते कुठे असतं ते कुणालाच दिसत नाही. वॉचमनकाका स्टूल घेऊन बघायला बसले होते. दोन लहान पोरं आली. मी त्यांना डिस्क ब्रेक समजावून सांगितला. मशीन डिझाइनच्या पेपरात लिहिलेलं सगळं आठवत होतं: बोल्ट म्हणजे खरं तर एक फार कडक स्प्रिंग, आपण तो आवळतो तेव्हा ताणतो, आणि तो ताण दोन भागांना एकत्र धरून ठेवतो. लावलेल्या टॉर्कचा बहुतेक भाग घर्षणातच जातो, ताणायला उरतो साधारण दहावा हिस्सा. म्हणून तर हाताच्या अंदाजावर विसंबायचं नाही, टॉर्क रेंच वापरायचा. पोरांनी मान डोलावली आणि टॉर्क रेंच मागितला.

उजवं चाक झालं. डावं चाक झालं. म्हणजे, होत आलं. दोन्ही पिना हाताने फिरवून बसवल्या होत्या, वरची टॉर्क केली होती, आणि फोन वाजला. ऑन-कॉल मीच होतो. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी पडलं होतं. बोटांना ग्रीस, फोन खांद्यात, तसाच वर गेलो. पंचावन्न मिनिटं गेली. क्लायंट शांत झाला. खाली आलो तेव्हा अंधारत आलं होतं, आणि दोन्ही पिनांवरच्या रबरी टोप्या जागेवर होत्या. जाताना धूळ नको म्हणून मीच घातल्या असणार. टोपी दिसली म्हणजे काम झालं. चाक लावलं, पाच बोल्ट १२० वर क्लिक करून आवळले, ब्रेक पॅडल घट्ट होईपर्यंत दाबलं, आणि रात्री साडेदहाला भूगावच्या रस्त्याला जाऊन पॅड बसवून घेतले: साठवरून पंधरावर, पुन्हा साठ, पुन्हा पंधरा, दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. ब्रेक झकास लागत होते. घरी येऊन मी दोघा-तिघा मित्रांना फोटो पाठवले.

रविवारी सकाळी आईला सिंहगडावर जायचं होतं. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. बाबा रात्रीच परतले होते. मी त्यांना ब्रेकबद्दल मुद्दाम काही बोललो नाही; गडावर पोचल्यावर सहज सांगणार होतो. खडकवासल्याला गर्दी होती, गाडी थांबत-थांबत चालली होती. बाबा शेजारी बसलेले. तिसऱ्या-चौथ्या ब्रेकला त्यांनी रेडिओ बंद केला.

"पुन्हा दाब."

दाबला. खालून एक बारीक 'टण्' आलं. मला ते आधीही ऐकू आलं होतं, खरं सांगायचं तर. नवे पॅड आहेत, बसतील, असं मी मनाशी म्हटलं होतं.

"बाजूला घे."

"बाबा, पॅड नवीन घातलेत, ते थोडे..."

"बाजूला घे आधी."

डोणज्याच्या अलीकडे एका टपरीसमोर घेतली. अजून दोन-तीन किलोमीटरवर घाट लागतो. बाबांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, खाली वाकले, मग म्हणाले, "थंड होऊ दे." आम्ही तिघांनी चहा घेतला. आई काही विचारत नव्हती, आणि आई काही विचारत नाही म्हणजे तिला सगळं कळलेलं असतं. पंधरा मिनिटांनी बाबांनी हात घातला. डाव्या चाकाच्या खालच्या पिनेची रबरी टोपी निम्मी बाहेर आली होती. तिला आतून पिनेनेच ढकललं होतं. त्यांनी टोपी काढली आणि दोन बोटांनी पीन हलवून दाखवली.

हलत होती.

ती पूर्ण निघाली असती तर कॅलिपर एकाच पिनेवर उचलला गेला असता. मग तो चाकाला आतून घासला असता, किंवा होज ओढली गेली असती. घाट चढताना कदाचित काहीच झालं नसतं. उतरताना, आई मागे, बाबा पुढे... हे मी त्या दिवसापासून बऱ्याचदा पुढपर्यंत नेऊन पाहिलंय. इथे नेत नाही.

सात नंबरची की डिकीतच होती. बाबांनी ती माझ्या हातात दिली. स्वतः आवळली नाही. मी आवळली, ते म्हणाले "अजून", मी अजून आवळली, ते म्हणाले "बस, आता मोडशील." दुसरी बाजूही तपासून घेतली. गाडी वळवली आणि चाळीसच्या वेगाने घरी आलो. पिठलं-भाकरी आईने घरीच केली.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. संध्याकाळी घरी टॉर्क रेंच लावून पाहिला, तर त्यांच्या "बस"पाशी पीन ठरलेल्या टॉर्कला दोन-तीन न्यूटन-मीटरच कमी होती. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग तेवढं कमी होतं."

मग बऱ्याच वेळाने, टीव्ही चालू असताना, माझ्याकडे न बघता: "त्या दुकानवाल्याला किती लेबर म्हणालास?"

"अठराशे."

"आमच्या कंपनीत माल पार्टीचा असायचा. आपण फक्त लेबर लावायचो. एकदा एका डायचा पार्ट माझ्याकडून मापात कमी गेला. चार-पाच शतांश मिली. पार्टीने परत पाठवला. माल त्यांचा होता, पण भरून आमच्या शेठने दिला, वर लेबर गेलं ते गेलंच. मला बोलले नाहीत फार. पण त्या दिवशी कळलं की लेबर कशाचं घेतात."

थोड्या वेळाने, "घर लेबरवरच चाललं आपलं. तुझी फी पण," असं म्हणून त्यांनी चॅनल बदलला.

मी शुक्रवारी जेवताना काय बोललो होतो ते मला तेव्हा आठवलं. चार बोल्ट खोलायचे आणि चार लावायचे. लुटायला बसलेत.

नंतर मी त्या अठराशेचा हिशोब पुन्हा मांडला. तासाचा भाव म्हणून तो महागच आहे. पण त्यात जागेचं भाडं आहे, लिफ्ट आहे, सात नंबरची की आहे, शिकाऊ पोराचा पगार आहे. आणि शंभरातली एक पीन सैल राहील, तिच्यासाठी पुन्हा गाडी घेणं, ऐकून घेणं, पदरचं भरणं आहे. ही शेवटची रक्कम सगळ्यात मोठी, आणि ती बिलावर वेगळी लिहीत नाहीत. टायरवाल्याकडे मी अठरा टक्के वाचवले तेव्हा नेमकी हीच रक्कम वाचवली होती. त्याने काम केलं, पैसे घेतले आणि त्या बोल्टशी असलेला त्याचा संबंध माझ्या संमतीने संपला. म्हणजे पैसे देऊनही ते काम मी स्वतःच्याच जबाबदारीवर केलं होतं, फक्त माझ्या हातून नव्हे, त्याच्या गनने. पार्किंगमधल्या शनिवारी निदान हात तरी माझे होते.

ऑफिसात माझा कोड दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जात नाही. एका बटणाचा रंग बदलला तरी दोघांची मंजुरी लागते. आईवडील ज्या ब्रेकवर घाट उतरणार होते, त्याला एकाचीही नव्हती. उलट बघणारा माणूस घरी नसेल असा दिवस मी शोधून काढला होता.

तेव्हा हल्ली काय करतो? एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, बल्ब ही कामं माझी. चुकली तर माझा वेळ जातो, एवढंच. पॅडही मीच बदलणार. शिकलोय तर सोडायचं कशाला? पण फोन घरी ठेवून, आणि बाबांना स्टुलावर बसवून. स्प्रिंगला हात लावत नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर दुसरी संधी देत नाही. ब्रेक ऑइल बदलायचं, हवा काढायची तर दुकानात. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी शोषलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. पसरणीच्या घाटात माझं पॅडल मऊ पडलं त्यात पॅडइतकाच जुन्या तेलाचाही हात असेल, हे मला नंतर सुचलं. पॅडच्या निम्म्या पैशात झालं असतं ते काम.

ते करून घ्यायला मी त्याच अठराशेवाल्याकडे गेलो. बाबा बरोबर आले होते, "बघतो जरा" म्हणून. मिस्त्री पंचविशीचा असेल. त्याने चारही चाकं काढली, तेल बदललं, आणि न सांगता माझ्या गाइड पिनाही तपासल्या. प्रत्येक पीन टॉर्क केल्यावर पिनेपासून कॅलिपरपर्यंत पांढऱ्या मार्करची एक रेघ ओढली. पीन फिरली तर रेघ तुटलेली दिसते. बाबा मागे हात बांधून बघत होते. मी बिल मागितलं, अठरा टक्क्यांसकट. घासाघीस केली नाही. बाबांनी मिस्त्रीला विचारलं, "आयटीआय कुठलं?"

"औंध, काका."

मग ते दोघं अर्धा तास बोलत उभे राहिले आणि मी गाडीत जाऊन बसलो.

येताना पांढरा मार्कर विकत घेतला. वीस रुपये.

सिंहगड अजून राहिलाय. आईला या रविवारी विचारलं तर म्हणाली, "आधी तुम्ही दोघं जाऊन उतरून या. मग मला न्या."